अहल्येची अहिल्या होताना

मृग लागून आठवडा उलटला तरी आभाळ कोरडंच आहे. साल १७२५. सीना नदीच्या काठी चौंडी नावाच्या गावात तुम्ही उभे आहात. नदीच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळू जास्त. पांढरीत मोजकी घरं आणि त्यांत उठून दिसणारा माणकोजी शिंदे पाटलांचा वाडा. घर धनगराचं, मान पाटलाचा. काळीत बैल जुंपलेले आहेत. मागं राहिलेली नांगरट पावसाआधी उरकायची घाई चाललीय. एक गडी रुमण्यावर भार देऊन तास धरून चाललाय.

जवळ जा, नांगर नीट पाहून घ्या. फाळ लोखंडाचा, बाकी सगळी बाभूळ. जुवापर्यंत गेलेल्या लांब दांड्याला हा गडी हाळीस म्हणतो. नांगराला संस्कृतात ‘हल’ म्हणतात, आणि हाळिशीत तोच शब्द दडलाय. गड्याला ते ठाऊक असायचं कारण नाही. तुम्ही मात्र ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता वाड्यात चला. तुम्हाला कोणी अडवणार नाही, कारण तुम्ही कोणाला दिसतच नाही. ३१ मे रोजी माणकोजींना मुलगी झाली. आज बारावा दिवस, म्हणजे बारसं. बाहेरच्या जगात बरंच काही चाललंय. औरंगजेबाला भिंगारजवळ मरून अठरा वर्षं झालीत, नगरचा किल्ला मराठ्यांच्या हाती यायला अजून चौतीस वर्षं आहेत, पुण्यात तरुण बाजीराव पेशवेपदावर येऊन पाच वर्षं झालीत. पण या खोलीत राजकारणाला जागा नाही. परातीत घुगऱ्या, पाळण्याला नवी दोरी, आणि बायकांची दाटी. पाळण्याच्या खालून-वरून मूल या हातातून त्या हातात दिलं जातं, देवांची नावं घेतली जातात. मग आत्या वाकते आणि तोंड मुलीच्या कानाशी नेते. मागच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात, ‘कुर्र’ होतं, आणि त्या गलक्यात ते नाव पहिल्यांदा त्या कानात पडतं. अहिल्या.

मुलांना नावं देण्याच्या वाटा ठरलेल्या असतात. जोशीबुवा जन्मनक्षत्राचा चरण पाहून अक्षर काढून देतात. कृत्तिकेच्या पहिल्या चरणाला ‘अ’ येतं. कोणी आजीचं नाव पुढे चालवतं, कोणी नदीचं ठेवतं, कोणी कुलदैवताचं. मुलं जगत नसतील तर दगडू, धोंडी अशी नावं ठेवून काळाची नजर चुकवतात. आणि कोणी कीर्तनात ऐकलेलं पुराणातलं नाव उचलतं. अहिल्या हे या शेवटच्या वाटेने आलेलं नाव. खोलीतल्या प्रत्येक बाईला त्यामागची गोष्ट माहीत आहे: नवऱ्याचा शाप, शिळा होणं, रामाचा पाय लागणं. अशा बाईचं नाव पोटच्या पोरीला कसं द्यावं, असा प्रश्न तुमच्या मनात येतो. इथे तो कोणालाच पडलेला नाही. त्याचं कारण पाहायला मागे जावं लागेल. थोडंथोडकं नाही, अडीच-तीन हजार वर्षं.

गंगा-यमुनेच्या दुआबात, कुरु-पांचालांच्या मुलखात, सोमयाग चाललाय. सोमवल्ली गाड्यावर घालून यज्ञमंडपाकडे आणली जातेय आणि सुब्रह्मण्य नावाचा ऋत्विज मोठ्याने इंद्राला बोलावतोय. देवाला बोलवायचं तर त्याची बिरुदं घ्यावी लागतात. एकेक बिरुद येतं, आणि मधेच तुम्ही दचकता. हा ऋत्विज इंद्राला ‘अहल्येचा जार’ म्हणून हाक मारतोय. कोणी हसत नाही, कोणी मान खाली घालत नाही. पाठोपाठ, गौतम म्हणवून घेणारा, अशीही एक हाक येते. ‘शतपथ ब्राह्मणा’त हे आवाहन नोंदलेलं आहे. अहल्या या नावाच्या जुन्यांत जुन्या उल्लेखांपैकी हा एक, आणि त्यात ती स्वतः कुठेच नाही. ती कशी होती, तिच्यावर काय ओढवलं, ती काय म्हणाली, याचा पत्ता नाही. तिचं नाव आपल्यापर्यंत पोचतं तेच मुळी दुसऱ्याच्या बिरुदात अडकून.

काही शतकं पुढे या. मिथिलेच्या वेशीबाहेर एक ओस पडलेला आश्रम आहे. विश्वामित्र दोन राजपुत्रांना घेऊन त्या वाटेने चालले आहेत आणि इथे काय घडलं ते सांगत आहेत. वाल्मीकींच्या बालकांडातली ही गोष्ट लक्ष देऊन ऐका, कारण तुम्ही लहानपणी ऐकली ती ही नव्हे. गौतमाचं रूप घेऊन इंद्र येतो. अहल्या त्याला ओळखते. देवांचा राजा आपल्या दारी आला या कुतूहलापोटी ती नकार देत नाही. गौतम परततो आणि दोघांनाही शाप देतो. तिला मिळालेला शाप असा: वारा खाऊन जगायचं, राखेत पडून राहायचं, आणि कोणाच्याही नजरेला पडायचं नाही. शिळा होण्याचा त्यात उल्लेखही नाही. ती तुमच्यासारखीच अदृश्य होऊन या आश्रमात राहते. फरक इतकाच की तुम्ही हौसेने आला आहात.

राम आत येतो आणि ती दिसू लागते. पुढचा क्षण डोळ्यांत साठवून घ्या. राम आणि लक्ष्मण पुढे होतात आणि तिच्या पायांना हात लावतात. नमस्कार ते करतात. ती उठून त्यांचं आतिथ्य करते, गौतम परत येतो, गोष्ट संपते. रामाचा पाय तिला लागल्याचं वाल्मीकींच्या या गोष्टीत कुठेही नाही.

नावाच्या अर्थाचं बोलायचं तर याच रामायणाच्या उत्तरकांडात त्याची फोड आहे. ब्रह्मदेव इंद्राला सांगतो की सगळ्या प्राण्यांतलं उत्तम तेवढं निवडून मी एक स्त्री घडवली. ‘हल’ म्हणजे कुरूपता. ती जिच्यात नावालाही नाही ती अहल्या. पण शब्दाचं सरळ नातं तुम्ही चौंडीच्या शिवारात पाहून आलात. हल म्हणजे नांगर, आणि जिला नांगर लागलेला नाही ती अहल्या. संस्कृत कवीला विचाराल तर तो म्हणेल, अस्पर्श. चौंडीच्या गड्याला विचाराल तर तो म्हणेल, पडीक. त्याच मिथिलेत जनकाला नांगरताना मुलगी सापडते, तिचं नाव सीता, म्हणजे नांगराची तास. एकीच्या नावात नांगर फिरलेला, दुसरीच्या नावात न फिरलेला, आणि दोघींच्याही वाट्याला वनवास. रामायण शेतकऱ्यांच्या देशात रचलं गेलं याची खूण अशी नावांतूनच दिसते.

सातव्या शतकाच्या सुमारास आणखी एका पंडिताच्या शेजारी घटकाभर बसा. हे कुमारिल भट्ट, मीमांसेचे मोठे आचार्य. देवांच्या राजाने परस्त्रीकडे जावं ही गोष्ट त्यांना शास्त्राच्या दृष्टीने अडचणीची वाटते. ते तोड काढतात: ‘अह’ म्हणजे दिवस, दिवसात जी विरून जाते ती अहल्या, म्हणजे रात्र, इंद्र म्हणजे सूर्य, सूर्य रात्रीला नाहीशी करतो, एवढाच त्या कथेचा मथितार्थ. युक्तिवाद बिनतोड आहे, पण त्यात बाईच गायब होते. तिन्ही अर्थ शेजारी ठेवून पाहा. एक तिच्या देहाबद्दल बोलतो, एक चेहऱ्याबद्दल, आणि तिसरा ती नव्हतीच असं म्हणतो. तिने काय केलं हे कोणत्याच व्युत्पत्तीत सापडत नाही. व्युत्पत्तीचं ते कामही नव्हे.

शिळा कुठून आली? कालिदासाच्या ‘रघुवंशा’त ती दिसते. नंतरच्या पुराणांत आणि भक्तिकाव्यात ती पक्की होते. सोळाव्या शतकात पैठणला या.  संत एकनाथांच्या वाड्यात ‘भावार्थ रामायण’ आकार घेतंय. ते पूर्ण होण्याआधीच १५९९ मध्ये नाथ देह ठेवतील आणि उरलेला भाग त्यांचा शिष्य गावबा पुरा करील. पण आत्ता गावोगावच्या कीर्तनांत अहल्या उभी आहे ती शिळेच्या रूपात. रामाच्या पायाची धूळ लागते आणि दगडातून बाई उठते. वाल्मीकींच्या आश्रमात राम तिच्या पायांशी वाकला होता. इथे त्याचा पाय तिच्यावर पडतो. गोष्ट एका बाजूने पूर्ण उलटली. दुसऱ्या बाजूने मात्र तिने लोकांना मोठा आधार दिला. संतांच्या वाणीत अजामेळ, गणिका, गजेंद्र यांच्या रांगेत अहल्या येऊन बसली. तिचा उद्धार झाला तर आपलाही होईल, असं ऐकणाऱ्याला वाटू लागलं. याच तोंडोतोंडीच्या प्रवासात ‘ल्य’च्या आधी इकार शिरला आणि अहल्येची अहिल्या झाली. पोथीत जुनं रूप राहिलं, ओसरीवर नवं रुळलं.

या मुलखाशी तिचं नातं आधीपासूनच होतं. गोदावरीला गौतमी म्हणतात, कारण ब्रह्मगिरीवर तिला गौतमाने आणली अशी समजूत. त्र्यंबकेश्वरला तिला येऊन मिळणाऱ्या छोट्या नदीचं नाव अहल्या. तीच गोदावरी खाली कोपरगाव, पुणतांब्याला येते. शिवाय पहाटे अंथरुणातून उठताना पंचकन्यांचं स्मरण करायची रीत आहे. द्रौपदी, तारा, मंदोदरी यांच्याही आधी, सगळ्यांत पहिलं नाव अहल्येचं. यांतल्या एकाही बाईचं आयुष्य सरळ रेषेत गेलेलं नाही. प्रत्येकीवर बालंट आलं, प्रत्येकीच्या आयुष्यात दुसरा पुरुष आला किंवा आणला गेला, आणि तरी त्यांचं नाव घेतल्याने पाप जातं असं परंपरा म्हणते. चौंडीच्या त्या खोलीतल्या बायकांना प्रश्न का पडला नाही, ते आता कळलं असेल. रोज पहाटे पहिलं घेतलं जाणारं नाव पोरीला देण्यात वावगं काय?

१७३३. पोर आठ वर्षांची झाली. मल्हारराव होळकर पुण्याकडे जाताना चौंडीला थांबले आणि देवळात त्यांच्या नजरेस ती पडली, अशी आख्यायिका आहे. लग्न लागलं, नवरा खंडेराव दहा वर्षांचा. होळकरांच्या घरातली नावं ऐका. सासरा मल्हार, नवरा खंडेराव, दोन्ही नावं जेजुरीच्या खंडोबाची. आणि सासूचं नाव गौतमाबाई. पुराणात अहल्येला शाप देणारा गौतम, इथे अहिल्येला वाढवणारी गौतमा. हा निव्वळ योगायोग आहे, कोणी जुळवून आणलेला नाही. पण परिणाम पाहा. १७३४ मध्ये गौतमाबाईंच्या नावे खासगीची स्वतंत्र जहागीर लागते. दौलतीच्या हिशेबापासून वेगळं, बाईच्या हुकमतीतलं उत्पन्न. सासूमागून ही खासगी सुनेकडे येणार आहे आणि देशभरच्या घाटांना, देवळांना, बारवांना लागणारा पैसा त्यातूनच उभा राहणार आहे.

१७५४ च्या मार्चमध्ये भरतपूरजवळ कुंभेरीच्या वेढ्यात या. सुरजमल जाटाचा किल्ला, तटावरून सुटणाऱ्या तोफा. खंडेराव गोळा लागून पडतो. छावणीत सरणाची तयारी होते आणि अठ्ठावीस वर्षांची अहिल्या सती जायला निघते. मल्हारराव तिला अडवतात. म्हाताऱ्याचा एकुलता एक मुलगा गेलाय. दौलत कोणाच्या भरवशावर ठेवायची हे त्याला आता दिसतंय. ती मागे फिरते. पुराणातल्या अहल्येला राखेत पडून राहावं लागलं. ही राख व्हायला निघाली होती आणि परतली. त्यानंतर तिला जे काम मिळालं ते घरातलं नव्हतं. १७६५ च्या सुमारास मल्हाररावांनी तिला लिहिलेल्या पत्रात तोफखाना पुढे न्यायच्या, दारूगोळ्याच्या, मुक्कामाच्या सूचना आहेत. सुनेच्या खुशालीचं पत्र म्हणून ते उघडाल तर फसाल. हे एका सरदाराने दुसऱ्या सरदाराला धाडलेलं कामाचं पत्र आहे.

मे १७६६ मध्ये आलमपूरला मल्हारराव गेले. वर्ष भरायच्या आत तिचा मुलगा मालेरावही गेला. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड दत्तकाचा घाट घालतो, राघोबादादा फौज घेऊन क्षिप्रेच्या काठी येऊन बसतात. बाई एकटी आहे, हे त्यांचं गणित. तुम्ही इंदूरच्या वाड्यात उभे राहून तिची धावपळ पाहा: शिंद्यांकडे, गायकवाडांकडे, भोसल्यांकडे स्वार सुटलेत, पुण्याला माधवराव पेशव्यांकडे पत्र गेलंय, आणि तुकोजी होळकर फौजेनिशी सज्ज आहे. लढाई होत नाही. राघोबादादा सांत्वनाला आलो होतो असं म्हणून वेळ मारून नेतात, आणि माधवराव तिच्या कारभाराला मान्यता देतात. १७६७ साली दौलतीची सूत्रं तिच्या हाती येतात.

आता महेश्वर. पायऱ्यांखाली नर्मदा, वरच्या आळीत मागांचा खटखटाट. इथल्या साड्या पुढे या गावाच्याच नावाने ओळखल्या जातील. वाडा म्हणावा तर लाकडी खांबांचा, साधा, एखाद्या सुखवस्तू पाटलाच्या घरासारखा. ओसरीवर कारकून मांडी घालून बसलाय. त्याच्या हाताकडे पाहा. कागदावर आधी आडवी रेघ ओढली, मग त्या रेघेला लटकवल्यासारखी मोडी अक्षरं एका दमात उतरू लागली. बोरू उचलायचं नाव नाही. ओळ संपली की चिमूटभर वाळू, कागद तिरपा करून झटकला, पुढची ओळ. पण हुकूम कोणाच्या नावाने निघतोय ते वाचा. तिथे श्रीशंकराचं नाव आहे. राज्य तिने महादेवाच्या चरणी वाहिलंय. आपण त्याच्या वतीने कारभार पाहतो, अशी तिची भूमिका. स्वतःचं नाव पुढे करायची हौस तिला नाही.

त्याच ओसरीवर एक ब्राह्मण पोथी घेऊन येतो. बाईसाहेबांच्या स्तुतीचा ग्रंथ त्याने रचलाय. ती शांतपणे ऐकून घेते, आपण इतक्या स्तुतीला पात्र नाही म्हणते आणि पोथी नर्मदेत टाकायला सांगते. पुढे सर जॉन माल्कमने हा किस्सा लिहून ठेवला. काशीला विश्वनाथाचं देऊळ १७८० मध्ये उभं राहिलं, गयेला विष्णुपद, सोमनाथला नवं मंदिर, वेरूळला घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार. एवढं बांधणाऱ्या बाईने स्वतःच्या नावाचा ग्रंथ मात्र पाण्यात सोडला.

चौंडीच्याच नगर जिल्ह्याचा आणखी एक माणूस या अंगणात भेटतो, असं परंपरा सांगते. संगमनेरचा अनंत फंदी, तमाशाच्या फडाचा बादशहा. बाईंच्या शब्दावरून त्याने डफ-तुणतुणं खाली ठेवलं आणि कीर्तनाची वाट धरली, ही गोष्ट संगमनेरकर अजून अभिमानाने सांगतात. लावणीच्या रसिकाला त्यात नुकसान वाटेल, आणि ते वाटणंही रास्त आहे. पण एका शाहिराने आयुष्याची वाट बदलावी इतकं वजन तिच्या शब्दाला होतं, हे त्या गोष्टीतून कळतं.

महेश्वरचा एक दिवस पाहायला नको वाटेल, तरी पाहा. १७९१. जावई यशवंतराव फणसे वारले आणि तिची मुलगी सती जायला निघाली. आई विनवते. सासऱ्याने जे आपल्याला ऐकवलं तेच ती मुलीला ऐकवते, पण मुलगी ऐकत नाही. मुलीचं नाव मुक्ताबाई. नेवाशात ज्ञानेश्वरी सांगणाऱ्या ज्ञानेश्वरांच्या धाकट्या बहिणीचं तेच नाव. नर्मदेच्या काठी उभे राहून तुम्हाला उमगतं की चांगलं नाव ठेवलं म्हणून प्राक्तन चुकत नाही. जिचं नाव शापितेचं होतं ती सरणावरून परतली; जिचं नाव मुक्ता होतं ती परतली नाही.

१३ ऑगस्ट १७९५ ला अहिल्याबाई गेल्या. १८१८ मध्ये होळकरांचं राज्य इंग्रजांच्या वर्चस्वाखाली आलं आणि माळव्याचा कारभार माल्कमकडे आला. तो सैनिक माणूस, शत्रूच्या घराण्यातल्या बाईचं कौतुक करायचं त्याला कारण नव्हतं. त्याने गावोगाव, वेगवेगळ्या थरांतल्या लोकांकडे चौकशी केली आणि सगळीकडून एकच उत्तर आलं. १८२३ च्या त्याच्या माळव्यावरच्या ग्रंथात तिची पानं आहेत. ती वाचून स्कॉटलंडच्या जोआना बेली या कवयित्रीने १८४९ मध्ये तिच्यावर इंग्रजीत दीर्घ कविता छापली. सव्वाशे वर्षांपूर्वी सीनेच्या काठी बारशाच्या गलक्यात कुजबुजलेलं नाव आता इंग्रजी कवितेत होतं.

पुढच्या काळात जुनी अहल्याही कुठे गेली नव्हती. १९४३ च्या मद्रासमध्ये डोकावा. पुदुमैपित्तन नावाचा तमिळ कथाकार शापमुक्तीनंतरच्या अहल्येची कथा लिहितोय. त्यात सीतेला अग्निपरीक्षा द्यावी लागली हे कळताच अहल्या पुन्हा दगड होते. रामाच्या न्यायावर इतका थेट सवाल क्वचितच कोणी केला असेल. तमिळ लेखकाला दगडाकडे परतावं लागलं, कारण त्याच्याजवळ दुसरी वाट नव्हती. मराठी बोलणाऱ्याजवळ ती होती. अहिल्या म्हटलं की त्याच्या डोळ्यांसमोर शिळेच्या आधी घाट येतो, बारव येते, हातात शिवलिंग घेतलेली पांढऱ्या लुगड्यातली बाई येते. हा फरक कोशकारांनी केलेला नाही.

लोकांनी तिला दिलेलं बिरुदही तपासून पाहा. पुण्यश्लोक. पहाटेच्या स्मरणात हे विशेषण नळराजाला, युधिष्ठिराला, जनार्दनाला लागतं. त्या रांगेत स्त्री म्हणून वैदेही येते. म्हणजे पंचकन्यांच्या यादीतून उचललेलं नाव एका बाईने राजांच्या यादीत नेऊन बसवलं. पहिल्या यादीत अहल्येचं स्मरण होतं ते तिच्यावर जे ओढवलं त्यामुळे, दुसरीत अहिल्येचं होतं ते तिने जे केलं त्यामुळे. एवढा पल्ला गाठायला एक आयुष्य पुरलं, पण ते आयुष्य सत्तर वर्षांचं आणि रोजच्या कामाचं होतं.

आता तुमच्या काळात या. १४९० मध्ये अहमद निजामशहाने भिंगारजवळ बहामनी फौजेचा पराभव केला आणि त्या जागी वसवलेल्या शहराला स्वतःचं नाव दिलं. याच शहराच्या तटावर १५९५-९६ मध्ये चांदबिबी मोगलांशी लढली. कारभार आणि तलवार दोन्ही पेलणाऱ्या बाईचं या मातीला अप्रूप नाही. ३१ मे २०२३ रोजी चौंडीत जिल्ह्याच्या नामांतराची घोषणा झाली, १३ मार्च २०२४ रोजी मंत्रिमंडळाने ठराव केला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. इंदूरच्या विमानतळाला, तिथल्या विद्यापीठाला आणि सोलापूरच्या विद्यापीठाला तिचं नाव आधीच होतं. महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांत इतिहासातल्या स्त्रीचं नाव धारण करणारा हा एकच. ६ मे २०२५ ला, तिच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने, राज्याचं मंत्रिमंडळ चौंडीत बैठकीला बसलं. नामांतरावर वाद झाले, अजून होतात. बसस्टँडवर मात्र कंडक्टर पूर्वीसारखाच ‘नगर, नगर’ ओरडतो, आणि त्याचं कोणालाच वावडं नाही.

मुलीचं नाव अहिल्या ठेवायचं तुमच्या मनात असेल तर बाळांच्या नावांच्या पुस्तकात ‘सुंदर, निष्कलंक’ असा अर्थ मिळेल. तो चुकीचा नाही, अपुरा आहे. नावाचं ओझं किती असतं हे महाराष्ट्राला चांगलं माहीत आहे. २०११ साली सातारा जिल्ह्यात नकुशी नावाच्या अडीचशेहून जास्त मुलींना नवी नावं द्यावी लागली होती. म्हणून मुलगी मोठी होऊन नावाचा अर्थ विचारील तेव्हा शिळेची गोष्ट तिच्यापासून लपवू नका. फक्त आधी वाल्मीकींची सांगा, ज्यात राम तिच्या पाया पडतो. मग चौंडीची सांगा, आणि मल्हाररावांनी सुनेला लिहिलेलं तोफखान्याचं पत्र आवर्जून सांगा. कारण अहिल्येची पुण्यश्लोक अहिल्या झाली ती नावामुळे नाही. एका सासऱ्याने तिला सरणावरून मागे फिरवलं, काम शिकवलं आणि दौलत तिच्यावर सोपवली. गावाचं नाव बदलायला शासनाचा निर्णय पुरतो. मुलीच्या नावाला अर्थ यायचा असेल तर तिला शिकू द्या, कारभार करू द्या आणि तिचे निर्णय तिला घेऊ द्या.